अन्यथाच्या पुढे

आत्मकथन लिहायचं तुझं वय तरी आहे का, असं आई परवा म्हणाली. नाहीये. डोक्यावर पांढरा केस शोधावा लागतो. पण माझा गळा माझ्यापेक्षा म्हातारा आहे. भोंग्याशिवाय सभा घेऊन घेऊन तो पंचविशीच्या आतच पिकला आणि आता असाच घोगरा राहणार, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा हे त्या गळ्याचं आत्मकथन समजा. त्याने काय सोसलं ते सांगते आणि त्याला विसावा कसा मिळाला तेही सांगते, कारण ते सांगितलं नाही तर बाकीचं सगळं नुसता आरडाओरडा वाटेल.

आमच्या लोणावळ्यात विश्रांती विकत मिळते. खंडाळ्याच्या बाजूला चालत सुटा आणि बंगल्यांच्या फाटकांवरच्या पाट्या वाचत जा: विसावा, विश्राम, निवांत, सावली. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून, पुण्याहून दमलेली माणसं गाड्या भरभरून येतात, दोन दिवस लोळतात, भजी खातात आणि रविवारी परतताना चिक्कीची खोकी घेऊन जातात. त्यांनी दमूच नये असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्या चादरी धुणारी, त्यांची भांडी घासणारी, त्यांची चिक्की लाटणारी बाई शनिवार आला की अंधारातच कामाला लागते, हे कुठल्या फाटकावर लिहिलेलं नसतं. विश्रांतीचं गाव म्हणतात, आणि गावात विश्रांती फक्त पाहुण्याला! हे वाक्य मी विशीत एका पत्रकात लिहिलं होतं. आज ते वाचलं तरी मला त्यात काना-मात्रा बदलावासा वाटत नाही.

आमचं घर रेल्वेलाइनीच्या पलीकडे. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पप्पा यार्डात होते. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती गाडी ढकलत वर आणतात आणि लोणावळ्यात सोडून घेतली जातात. ती सोडायचं काम पप्पांनी निवृत्तीपर्यंत केलं. त्यामुळे आमच्या घरात घड्याळापेक्षा तो आवाज जास्त. ढण्ण करून एक दणका, मग हवा सुटल्याचा लांबलचक फुसकारा, आणि गाडी हलकी होऊन पुण्याकडे. पाहुणे दचकायचे. आम्ही मात्र त्या आवाजाने झोपायचो आणि संपाच्या दिवसांत तो बंद पडला की जागे व्हायचो. दुसरा आवाज आईचा. ती चर्चमधली भजनं गुणगुणत काम करायची. गळा बेताचाच, पण ताल पक्का. चिक्की लाटणाऱ्या बाईचा ताल चुकून चालत नाही. कढईतला गुळाचा पाक एकदा दाण्यांवर पडला की तो कुणासाठी थांबत नाही. ओट्यावर ओतायचा, गरम असतानाच लाटायचा, गोठायच्या आत सुरीने वड्या पाडायच्या. शिंक आली तरी ती नंतर द्यायची. आईच्या तळहाताला, उशीला, लुगड्याच्या पदराला गुळाचा वास होता. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आईला येतो.

आमच्याकडे रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. पाणी भरून ठेवायचं, पप्पांच्या सदऱ्याला इस्त्री, लसूण सोलून वाटीत, खोबरं भाजून फडक्याखाली. रविवारी सकाळी उपासना, आणि परतलं की आईच्या हातचं मटण आणि इंद्रायणी तांदळाचा चिकट, वासाचा भात. जेवण झालं की आई भर दुपारी, दार उघडं टाकून, सतरंजीवर आडवी व्हायची आणि घोरायची. सबंध लोणावळा त्या वेळी खोकी बांधत असायचा आणि माझी आई घोरत असायची. कारखान्यात लागली तेव्हाच तिने मोठ्या शेठना सांगितलं होतं, "सहा दिवस तुमची, रविवार देवाचा." आईसारखं पातळ लाटणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याने मान्य केलं. तो गेला, त्याचा मुलगा शेठ झाला, पण आईचा रविवार तसाच राहिला. बाकीच्या बायांना मात्र रविवार नव्हता, सोमवार नव्हता, कुठलाच वार नव्हता. आजारी पडलात तर घरी, नाहीतर ओट्यापाशी.

त्यात एक कोंडाबाई होती. डोंगरावरच्या वाडीतली, आईच्या शेजारी उभी राहून वड्या पाडणारी, जिभेला सुरीपेक्षा जास्त धार. आमच्या पडवीत चहा पिताना ती आईला म्हणायची, "शालूताई, तुमच्या येशूला सुट्टी मिळती, आन आमच्या एकवीरा आईला न्हाई व्हय? ती काय उपाशी बसलीया कारल्याच्या डोंगरावर?" आई हसायची आणि तिच्या बशीत आणखी चहा ओतायची. पण कोंडाबाई गेली की आई तीच बशी घासत बसायची. भजनसुद्धा बंद.

मी वडगावच्या कॉलेजात गेले आणि तिथल्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहायला शिकले. शिकले म्हणजे पुरती बिघडले, असं पप्पा म्हणायचे. भाजीवाल्याशी बोलतानाही माझ्या तोंडून "आम्ही याचा तीव्र निषेध करतो" असं निघायचं. पत्रकाला एक ठरलेला साचा असतो. वर कुणाला ते, मग अन्याय, मग मागण्या, आणि शेवटी ते लाडकं वाक्य: अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व त्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल. ते लिहिताना अंगात जी ऊब येते ती चुलीपाशीही येत नाही. निवेदन घेऊन वडगावच्या तहसील कचेरीत जायचं, टेबलावर द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा आणि फोटो काढायचा. हे मला श्वास घेण्याइतकं सोपं झालं होतं. मग माझ्या लक्षात आलं की सगळ्यात मोठा अन्याय तर आमच्या पडवीतच चहा पितोय. मी चिक्कीच्या बायांची बाजू घेतली. मागणी एकच: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, पगारी, प्रत्येकीला. कायद्यात आहे, भीक नाही.

ते वर्षभर मी कशी जगले ते आठवलं तरी आता पाठ दुखते. सकाळी कारखान्याच्या फाटकावर, दुपारी वडगावला, संध्याकाळी वाडीवर सभा. जेवण म्हणजे स्टेशनवरचा वडापाव, तोही चालता चालता. पोटात सतत आग, डोळ्याला डोळा नाही. झोपले तरी स्वप्नात पत्रकाचं मुद्रितशोधन चालायचं. कोंडाबाई एकदा म्हणाली, "पोरी, आमाला सुट्टी मिळंल तवा मिळंल, तू कवा घेनार?" मी तिला म्हटलं, "लढा संपल्यावर." ती म्हणाली, "म्हंजी मेल्यावर." सगळ्या बाया हसल्या. मी नाही हसले. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की मी बसले तर सगळं बसेल.

चर्चला जाणं मी सोडलं होतं. आमच्या छोट्या चर्चच्या दारावर, कमानीत, निळ्या अक्षरांत एक वचन रंगवलेलं आहे, थकलेल्यांना आणि ओझ्याखाली वाकलेल्यांना आत बोलावणारं. लहानपणी मी ते बोट लावून वाचायला शिकले. मोठेपणी मला त्याचा राग यायला लागला. आत बघावं तर इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं. ज्यांना बोलावलंय त्या बाया कुठे आहेत? हॉटेलांत चादरी पिळतायत! बोलवायचं आणि येऊ द्यायचं नाही, हा कसला बोलावा? हे मी पप्पांना तावातावाने ऐकवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्याने बोलवलंय. अडवलंय शेठने. पत्रक योग्य पत्त्यावर पाठव."

तरी मी एका रविवारी गेले, ती पत्रकं वाटायलाच गेले. कापणीचा सण होता. भात घरात आलं की आमच्याकडे पहिलं पीक देवापुढे आणतात आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव करतात. वेदीच्या कठड्याला साळीच्या लोंब्या बांधलेल्या, खाली भोपळे, नाचणी, अंडी, पाय बांधलेला एक चिडका कोंबडा, आणि आईने दिलेली चिक्कीची चळत. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची बायको, जिला सगळे पाळकबाई म्हणतात, दारातच उभी होती. उंच, हाडाची, साडी नेहमी घोट्याच्या वर. मी सलाम केला आणि म्हटलं, "मला दोन मिनिटं बोलायचंय. सगळ्यांसमोर."

"भाषण?"

"निवेदन."

"उपासनेत भाषण नसतं बाई." तिने माझ्या हातातला गठ्ठा बघितला. "पण मोकळी प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्याने उठून करावी. कर की."

मला ती पळवाट वाटली. घेतली. मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली, एका आजोबांनी पावसाबद्दल आभार मानले, एका बाईने मुलाच्या नोकरीबद्दल, आणि मी उठले. डोळे मिटले, हात आपोआप माईक धरल्यासारखा छातीपाशी गेला. आणि तोंडातून निघालं, "माननीय परमेश्वरा." कुणीतरी खोकलं. मला वाटतं पप्पाच. मी थांबले नाही. चिक्की कामगार महिलांवर होणाऱ्या अन्यायाकडे मी परमेश्वराचं लक्ष वेधलं. हे तुझ्या डोळ्यांदेखत चाललंय, असं सुनावलं. मग आमची मागणी पुढीलप्रमाणे म्हणून ती तपशीलवार सांगितली. माझा गळा बरेच दिवस खरखरत होता, पण त्या दिवशी तो खणखणीत लागला आणि कोंबडासुद्धा गप्प झाला. शेवटी आवाज चढवून मी म्हटलं, "अन्यथा..."

आणि आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही. गेलाच. ओठ हलतायत, मानेच्या शिरा ताणल्यात, आणि बाहेर काही नाही, नुसती हवा. मी डोळे उघडले. सगळं चर्च डोळे मिटून, मान खाली घालून वाट बघत होतं. परमेश्वराला अन्यथा काय होणार आहे, ते ऐकायला. मी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. तो शांतपणा अजून माझ्या कानात आहे. शेवटी मागच्या बाकावरून आईचा बारीक आवाज आला, "आमेन," आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारखं जोरात आमेन म्हटलं.

तळेगावच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी. चांगल्या जातीच्या आहेत, म्हणाले, पण आता बोलणं बंद. कुजबुजणंही बंद. काही आठवडे पूर्ण मौन, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि तिचा भरवसा नाही. मी खुणा करून सांगायचा प्रयत्न केला की नाताळच्या आधी शेठबरोबर बैठक ठरलीय, वर्षभर झगडून मिळवलेली, मी नसले तर तो बायांना गुंडाळून टाकेल. डॉक्टर आईला म्हणाले, "ह्या खुणा करून पण ओरडतायत."

घरी मी पाटी आणि खडू घेतला. आईला सूचना, कोंडाबाईला सूचना, शेठ असं म्हणाला तर तुम्ही तसं म्हणा. खडूचा करकर आवाज ऐकून आईने दुसऱ्याच दिवशी पाटी फळीवर टाकली. "बोलायचं नाही म्हणजे लिहूनही भांडायचं नाही." मग मी नुसती पडवीत बसून राहिले. माझ्या लहानपणीचे सगळे आवाज तिथे जसेच्या तसे होते. ढण्ण, फुसकारा, गाडी पुण्याकडे. फरक एवढाच की मला झोप लागत नव्हती.

एका दुपारी पाळकबाई आली. हातात पेजेचा डबा. मला वाटलं आता उपदेश. तिने लसणाची टोपली पुढ्यात ओढली, माझ्यापुढेही चार गड्डे टाकले आणि आम्ही सोलत बसलो. बऱ्याच वेळाने, मान वर न करता ती म्हणाली, "एस्तेर, वडगावला तू निवेदन देतेस. दिल्यावर काय करतेस?"

मी हवेत शिक्का मारून दाखवला. पोच घेते.

"मग?"

मी दोन बोटं चालवून दाखवली. घरी येते.

"तहसीलदाराच्या खुर्चीत जाऊन नाही ना बसत?"

मी मान हलवली.

"मग देवाच्या खुर्चीत कशाला बसलीयेस, बये? दिलंस ना त्याच्या टेबलावर? भर उपासनेत दिलंस, आम्ही सगळे साक्षी आहोत. आता ऊठ तिथून. त्याला बसू दे." एवढं म्हणून तिने सालं पदरात गोळा केली, बाहेर फुंकली आणि गेली. मला इतका राग आला की सोललेला लसूण मी परत टोपलीत टाकला. बोलता येत असतं तर तिला चार मुद्दे ऐकवले असते. बोलता येत नव्हतं, म्हणून तिचं वाक्य उत्तर न मिळता तसंच माझ्याजवळ राहिलं. उत्तर देता न आलेलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य असावं.

बैठकीच्या दिवशी दुपारी आईने जाताना मला बजावलं, घर सोडायचं नाही. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी चप्पल घातली. नुसती शेठसमोर जाऊन उभी राहीन, म्हटलं. माझं तोंड बघूनही त्याला धाक वाटेल. चढावर मला धाप लागली. कारखाना अजून लांब होता. चर्चचं दार उघडं होतं. त्या निळ्या अक्षरांखालून मी आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. श्वास जागेवर येईपर्यंत, एवढंच.

आत कुणी नव्हतं. कठड्याला साळीच्या लोंब्या अजून तशाच, वाळलेल्या, आणि एक चिमणी त्यातले दाणे काढत होती. मला माझं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. म्हटलं, निदान मनात तरी पुरं करू. अन्यथा. अन्यथा काय? अन्यथा आंदोलन करीन? करून झालं. अन्यथा उपोषण? वर्षभर तेच चाललंय. अन्यथा तुझ्याशी बोलणार नाही? आवाजच नाही. मी एकेक करून सगळ्या धमक्या काढून बघितल्या आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या झोळीत काही उरलेलंच नाही. अन्यथाच्या पुढे मीच होते, रिकामी, दमलेली. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा साच्याबाहेरची प्रार्थना केली. तिला ना मायना होता ना मागण्या. प्रभू, हे तुझं. बाया तुझ्या, कारखाना तुझा, तो शेठसुद्धा तुझाच, काय करायचं ते कर. मी पण तुझीच. मी दमले रे. इतकंच. उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही. फक्त आत कुठेतरी बँकरचं कपलिंग सुटल्यासारखं झालं. खांद्यापासून पायापर्यंत लांबलचक हवा सुटली. मी बाकावर आडवी झाले आणि झोपले.

हो, झोपले. ज्या बैठकीसाठी वर्षभर घसा फोडला ती चालू असताना मी भर दुपारी चर्चमध्ये बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपले होते. माझे जुने सहकारी हे ऐकून अजून कपाळाला हात लावतात. देवावर टाकलं की माणूस लढायचं सोडतो, म्हणतात. त्यांनी येऊन माझी कपाटं बघावीत. त्या दुपारनंतर मी आधीपेक्षा जास्त निवेदनं दिली आहेत. फक्त आता दिल्यावर घरी येते, जेवते आणि झोपते.

जाग आली ती हसण्याने. बाकाच्या टोकाशी कोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "बगा, बगा! आमी तितं शेटाच्या नरड्याला लागलोय, आन ही पुढारीण हितं घोरतीया! आईच्या वर ताण हाय."

मागे आई होती. पाळकबाई दाराला टेकून. माझ्या अंगावर कुणाची तरी शाल होती. मी उठून बसले आणि दोन्ही हात पसरले: काय झालं?

"मिळाली," कोंडाबाई म्हणाली आणि धपकन माझ्याशेजारी बसली. "परत्येकीला येक दीस. पाळीपाळीनं. शेटानं आदी लय खळखळ केली. मंग आमी कुनीच बोललो न्हाई. तुझ्यासारकं भाशान येतंय कुनाला? नुसत्या हुभ्या ऱ्हायलो. पाक कडत होता आन येक बी बाई वट्याकडं हालंना. पाक करपायला लागला तसं त्येचं तोंड उतारलं." ती थांबली आणि आईकडे बघितलं. "पन त्येनं येक आट घातली."

आईने ती स्वतः सांगितली. पाळी म्हणजे सगळ्यांनाच पाळी. एकीला कायमचा रविवार आणि बाकीच्यांना उरलेले वार, हे चालणार नाही. शालूबाईंचा रविवारही पाळीत आला पाहिजे, नाहीतर काहीच नाही.

"मी हो म्हटलं," आई म्हणाली.

मी ताडकन उभी राहिले. आईचा रविवार! इस्त्रीचा सदरा, मटण, सतरंजी, सगळं डोळ्यांसमोर आलं. ओरडायला तोंड उघडलं आणि आईने माझ्या ओठांवर तिचा गुळकट तळहात ठेवला. "डॉक्टर काय म्हणालेत? गप. ऐक. तो दिवस मला एकटीला मिळालेला होता, एस्तेर. मी इथे येऊन विसाव्याची भजनं म्हणायची आणि ही तिकडे माझ्या वाटच्या वड्या पाडायची. मी झोपायचे खरी, पण उठल्यावर हिचं तोंड आठवायचं. आज देऊन टाकला. कसं हलकं वाटतंय म्हणून सांगू."

"मी म्हनलं हिला," कोंडाबाई नाक पुसत म्हणाली, "शालूताई, आता तुमचा येशू बी पाळीत आला."

"तो कुठल्याही वारी भेटतो," पाळकबाई दारातून म्हणाली. "पाळकसाहेबांशी मी बोलते. मंगळवारी संध्याकाळी उपासना ठेवू. ज्यांचा रविवार जातो त्यांच्यासाठी. कोंडाबाई, तुम्हीपण या."

"मी? मी माळकरी न्हाई आन किरिस्ताव बी न्हाई."

"बसायला या. पंखा आहे."

ती मंगळवारची उपासना आजही होते. हॉटेलातल्या, कारखान्यातल्या बाया येतात, ओल्या पदरांनी, गुळाच्या हातांनी. कोंडाबाई नेमाने येते, पंख्याखालच्या बाकावर पाय पसरून बसते, चैत्रात एकवीरेच्या जत्रेलाही जाते, आणि दोन्हीकडे आपली पाळी सांभाळते. दारावरची ती निळी अक्षरं बघून मला आता राग येत नाही. गेल्या वर्षी रंग उडाला होता, तेव्हा शिडीवर चढून मीच परत रंगवली. शेठ मधूनमधून सुट्टी खायला बघतो. मग मी पत्रक काढते, आणि त्यात अन्यथा असतंच. शेठसाठी असतं.

पण ते नंतरचं. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्यानंतरचा पहिला रविवार नाताळच्या थोडा पुढचा होता. आईची त्या दिवशी कामाची पाळी होती. मी आणि पप्पा दोघेच चर्चला गेलो. तिची बाकावरची जागा आमच्या मधोमध रिकामी. वाऱ्याबरोबर कारखान्याचा गुळाचा वास येत होता, ती जणू तिथूनच हजेरी लावत होती. मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली. पाळकबाईने मागे वळून बघितलं. "एस्तेर, तुझी एक अर्धी राहिलीय."

मी उठले. माझ्या पुढच्या बाकावरची माणसं किंचित खाली सरकली, खोटं नाही सांगत. मी डोळे मिटले. गळ्यात काहीतरी गंजलेलं फिरलं, आणि इतक्या आठवड्यांनंतर माझा पहिला शब्द बाहेर आला, घोगरा, परका, आता माझा झालेला.

"आमेन," मी म्हटलं आणि बसले.

पप्पा माझ्या कानाशी वाकले. "संपली?"

मी मान हलवली.

"बरी आहेस ना?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "मग उपासना झाली की रेंगाळू नको. मटण आज आपल्याला करायचंय. लसूण मी सोलून ठेवलाय."

संध्याकाळी आई आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. रश्श्यात मीठ जास्त झालं होतं, तरी ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मी सतरंजी घातली. ती आडवी झाली, "दार उघडंच राहू दे" म्हणाली, आणि खाली यार्डात एक बँकर सुटायच्या आत तिचं घोरणं सुरूसुद्धा झालं. मी तिच्या पायाशी बसले. करण्यासारखं काही नव्हतं. मी काही केलंही नाही.